तिसऱ्या रांगेतली आई

कॉव्हेंट्रीच्या शाळांमध्ये हिंदू धर्म समजावून सांगायला कुणी हवं असलं, की फोन सुप्रभाताई लिमयांकडे यायचा. त्यांचे यजमान डॉक्टर माधव लिमये हॉस्पिटलात म्हाताऱ्यांच्या वॉर्डाचे डॉक्टर होते. ज्या विभागात गोऱ्या डॉक्टरांना जायचं नसे तो आपल्या लोकांच्या वाट्याला यायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कुणी बोलत नसे. डॉक्टर सकाळी वॉर्डात गेले, की बाई कापडी पिशवी खांद्याला लावून बसस्टॉपवर उभ्या. पिशवीत पितळी गणपती, घंटा, हळदकुंकवाचा करंडा आणि निरांजन. वर्गात काडी ओढायची परवानगी नसल्याने निरांजन न पेटवताच ओवाळावं लागे. इंग्रज पोरांना त्यात काही वावगं वाटत नसे.

प्रत्येक शाळेत एखादी मुलगी हात वर करून विचारायचीच, की तुमच्या धर्मात बायकांना काय स्थान आहे. सुप्रभाताईंचं उत्तर तयार असे. जिथे स्त्रियांचा मान राखला जातो तिथे देव रमतात, असं आमच्या ग्रंथात लिहिलं आहे, असं त्या सांगत. टीचर ते फळ्यावर लिहून घेई आणि घंटा होई. त्याच ग्रंथात थोडं पुढे, बाईने लहानपणी बापाच्या, तरुणपणी नवऱ्याच्या आणि म्हातारपणी मुलाच्या ताब्यात राहावं, असंही लिहिलेलं आहे. ते सांगायला कधी वेळ उरला नाही. खरं सांगायचं तर सुप्रभाताईंनी तो कधी मागितलाही नाही.

ग्रंथ त्यांना वरवर माहीत होते असं मुळीच नाही. ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमाराला आईच्या आजारपणासाठी त्या पुण्यात काही महिने राहिल्या होत्या. पुण्यात तेव्हा बायकांना पौरोहित्य शिकवायचे वर्ग निघाले होते. दुपारी आईचा डोळा लागला, की सुप्रभाताई वर्गाला. परत आल्या त्या सत्यनारायण, वास्तुशांत आणि लग्न असं सगळं तोंडपाठ करून. त्याआधी कॉव्हेंट्रीच्या मराठी मंडळाला गुरुजी हवे असले की लंडनजवळच्या इल्फर्डहून आणावे लागत. त्यांना स्टेशनवर घ्यायला जा, त्यांच्या कांद्यालसणाचं बघा, आणि एवढं करून ते सगळं इतकं भराभर म्हणत की 'नमः' सोडून काही कळत नसे. सुप्रभाताई अर्थ सांगत, स्वच्छ म्हणत, आणि जेवणाच्या वेळेत संपवत. बाईने मंत्र म्हणायचे म्हणून आधी नाकं मुरडणारे बाप्ये पहिल्याच वर्षी गप्प झाले. भूक लागलेली असली की माणसाचं धर्मशास्त्र बरंच मऊ होतं.

मग लग्नंही त्यांच्याकडे यायला लागली. सत्त्याऐंशी साली अलका राजवाड्यांच्या थोरल्या मुलीचं, मीनलचं लग्न त्यांनीच लावलं. अलका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होती. तिचा नवरा शशी पोरी शाळेत असतानाच हार्ट अटॅकने गेला, आणि तिने एकटीने दोघींना वाढवलं, शिकवलं, गाडी चालवायला शिकवलं, सगळं. पण कन्यादानाच्या वेळी पाटावर बसले ते वॉटफर्डचे काका आणि काकू. हे काका शशीचे चुलतभाऊ. पोरींना ते वर्षाकाठी एकदा ख्रिसमसला दिसत. अलका जांभळी पैठणी नेसून हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत बसली होती. तिला तिथे बसा असं कुणी सांगितलं नव्हतं. सुप्रभाताईंनी "कन्यादानाला जोडपं कोण बसणार?" एवढंच विचारलं होतं, आणि अलकाने काकांचं नाव दिलं होतं. विधवेने असल्या कार्यात पुढे यायचं नसतं हे दोघींनाही न सांगता ठाऊक होतं. लग्न सुरेख झालं. सगळ्यांनी सुप्रभाताईंच्या उच्चारांची तारीफ केली.

एक्क्याण्णवच्या जानेवारीत माधवराव गेले. स्वतःच्याच हॉस्पिटलात, चार दिवसांत.

ते वर्ष सुतकासारखंच गेलं, त्याबद्दल तक्रार नव्हती. त्या गणपतीला मंडळाने इल्फर्डच्या गुरुजींना बोलावलं, तेही ठीक. पण पुढच्या गणपतीलाही गुरुजीच आले. मंडळाची सेक्रेटरी शैला सुप्रभाताईंची जुनी मैत्रीण, रोजचं येणंजाणं. ती म्हणाली, "अगं, तुला किती दगदग! यंदा जस्ट रिलॅक्स. छान पुढे बसून आरती म्हण." सुप्रभाताईंनी आरती म्हटली. गुरुजींनी एका मंत्राचे दोन चरण गाळले तेही ऐकलं. वास्तुशांतीचे फोन बंद झाले, सत्यनारायणाचे बंद झाले. कुणी वाईट बोललं नाही. उलट सगळे जास्तच गोड बोलायला लागले, आणि त्याचाच त्यांना संताप यायचा. शाळांचे फोन मात्र येत राहिले, कारण हिंदू स्पीकरचा नवरा आहे की गेला हे कौन्सिलला विचारावंसं वाटलं नव्हतं.

अशात अलकाच्या धाकटीचं, रश्मीचं लग्न त्र्याण्णवच्या मे महिन्यातलं ठरलं. ते सुप्रभाताईंनी लावायचं हे रश्मी शाळेत होती तेव्हापासून ठरलेलं. फेब्रुवारीत शैला श्रीखंडाचा डबा घेऊन आली आणि डबा ओट्यावर ठेवता ठेवताच म्हणाली, "रश्मीच्या लग्नाचं मी गुरुजींना विचारून ठेवलंय. तू रागावू नकोस. आपण दोघी असलं मानत नाही, बट पीपल विल टॉक. मुलीच्या सुखाचा प्रश्न आहे ना गं."

"अलकाने सांगितलं तुला?"

"अलका कशाला सांगेल? ती काहीच बोलत नाही. मीच आपलं पुढाकार घेतला."

शैला गेल्यावर सुप्रभाताईंनी डबा तसाच फ्रिजमध्ये टाकला. आपल्या हातून आता कुणाचंच लग्न लागणार नाही, हे त्यांना त्या संध्याकाळी पहिल्यांदा नीट कळलं. पितळी गणपती पिशवीत होताच. तो यापुढे फक्त पोरांना दाखवायला.

त्याच आठवड्यात ओळखीच्या मार्गारेटच्या चर्चच्या हॉलमध्ये एक सभा होती, आणि हिंदू धर्मातर्फे बोलायला सुप्रभाताईंना बोलावलं होतं. विषय होता 'धर्मग्रंथ आणि स्त्री'. मार्गारेट तिथली डीकन, म्हणजे पाद्रीच्या खालची पायरी. चर्चमध्ये बायकांना तेव्हा तेवढीच मजल मारता येई. बाप्तिस्मा द्यायचा, प्रवचन करायचं, मयताला उभं राहायचं, पण पवित्र भाकरीवरची मुख्य प्रार्थना पुरुषानेच करायची. तिच्या चर्चात एक म्हातारे पाद्री बाहेरून येऊन ती करून जात आणि मग मार्गारेट ती भाकरी लोकांना वाटे. सुप्रभाताईंना हे चटकन समजलं. स्वयंपाक, वाढप सगळं बाईचं, नैवेद्य तेवढा दाखवायला बाप्या. बायकांनाही पाद्री होऊ द्यायचं, असं नोव्हेंबरात ठरलं होतं, पण पार्लमेंटची संमती बाकी होती. मार्गारेट वाट बघत होती.

तिसरी वक्ता नसीम. ही शाळेत गणित शिकवायची. तिचे आईवडील पाकिस्तानातल्या मीरपूरचे.

सभेला माणसं बरी होती. शैलाही आली होती, मैत्रिणीचं भाषण म्हणून. पहिल्या रांगेत एक इंग्रज म्हातारी विणत बसलेली. मार्गारेटने सांगितलं, की ख्रिस्तापाशी स्त्री-पुरुष असा भेद नाही, असं बायबलात आहे. नसीमने सांगितलं, की बापाच्या मालमत्तेत मुलीचा वाटा कुराणात स्पष्ट लिहून दिलेला आहे, भावाच्या निम्मा का होईना, पण हक्काचा. सुप्रभाताईंनी आपलं नेहमीचं देव रमतात ते सांगितलं. टाळ्या झाल्या. तिघींनी आपापलं शोकेसमधलं चांदीचं भांडं बाहेर काढून दाखवलं होतं.

प्रश्नांच्या वेळी म्हातारीने विणकाम मांडीवर ठेवलं. "सगळं फार छान आहे हो," ती म्हणाली, "मग आपल्याला अडवतंय तरी कोण?"

हॉलमध्ये थोडं हसू झालं. मार्गारेट हसली नाही. ती म्हणाली, त्याच बायबलात बायकांनी सभेत गप्प बसावं असंही एक वाक्य आहे, आणि आमच्याकडे इतकी वर्षं तेच जास्त वाचलं गेलं. नसीमने हातातला कागद घडी करून ठेवला. मग म्हणाली, वडील गेल्यावर मीरपूरची जमीन भावांच्या नावावर झाली, मी सही करून दिली. कुणी जबरदस्ती केली नाही. ते पान उघडा असं म्हणणारी पहिली मुलगी मला व्हायचं नव्हतं.

आता सगळे सुप्रभाताईंकडे बघत होते. आणि त्यांच्या डोक्यात, कुणी न बोलावता, पुण्याच्या वर्गात घोकलेला एक श्लोक आला. एका स्मृतीतला. कन्यादान कुणी करावं याचा क्रम त्यात दिलेला आहे. बाप, तो नसेल तर आजोबा, मग भाऊ, मग कुळातला कुणी, आणि मग आई. आई शेवटी आहे, दूरच्या नातेवाइकाच्याही मागे आहे, पण आहे. नवरा असलेली आई असं कुठेही म्हटलेलं नाही. बाप नसेल तेव्हाचाच हा क्रम, म्हणजे ती विधवाच असणार, हे शेंबड्या पोराला कळावं. त्यांनी तो शंभरदा म्हटला होता आणि एकदाही ऐकला नव्हता.

"मी अडवलंय," सुप्रभाताई म्हणाल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. नाव न घेता, पण जांभळ्या पैठणीसकट.

बाहेर दोघी शैलाच्या गाडीत बसल्या. गाडी सुरू झाल्यावर शैला म्हणाली, "आपल्या घरातलं चर्चच्या हॉलमध्ये कशाला? उद्या ही माणसं आपल्या पोरींकडे कुठल्या नजरेने बघतील?"

"त्या दोघींनीही सांगितलंच की."

"त्यांचं त्या बघतील. आपण इथे मूठभर आहोत, सुप्रभा."

शैलाचं सगळंच चुकत होतं असं नाही, आणि हे सुप्रभाताईंना कळत होतं. पण मला घरी न नेता अलकाच्या दाराशी सोड, असं त्यांनी तिला सांगितलं.

अलका नुकतीच ड्यूटीवरून आली होती. सुप्रभाताईंनी कोट न काढताच तो श्लोक म्हटला, अर्थ सांगितला, आणि म्हणाल्या, "रश्मीचं कन्यादान तू कर. मंत्र मी म्हणते. लोक बोलले तर बोलू देत. आणि तुला नको असेल तर गुरुजी येतील, मी आशीर्वादाला येईन."

अलकाने केटल लावली. तिला रागवायची सवय नव्हती. तिने सावकाश विचारलं, "हा श्लोक मीनलच्या वेळी येत नव्हता तुला?"

"येत होता."

"मग आता तुझ्यावर आलं म्हणून आठवला?"

"हो," सुप्रभाताई म्हणाल्या. दुसरं खरं उत्तर नव्हतंच.

अलकाने दोन कपांत चहा ओतला. आतून रश्मी बाहेर आली. ती इथेच जन्मलेली, तिचं मराठी सायकल शिकणाऱ्यासारखं, पडत उठत चाले. "आई, काका खूप नाइस आहे," ती म्हणाली, "बट ही डझन्ट नो मी. तू बस ना."

अलका म्हणाली, "बसते."

लग्न एका शाळेच्या हॉलमध्ये झालं. रजिस्ट्रेशन आदल्या दिवशीच उरकलेलं. होमासाठी केअरटेकरने कुरकुरत फायर अलार्म बंद केला आणि बादलीभर वाळू घेऊन दारात उभा राहिला. वॉटफर्डचे काका समजूतदार निघाले. गुडघ्यांमुळे पाटावर बसायचं टळलं म्हणून ते उघड खूश होते. दोन कुटुंबं आली नाहीत. शैला आली. येऊन मागे बसली, आणि अंतरपाट धरायला माणूस कमी पडलं तेव्हा आपणहून उठून तिने एक टोक धरलं.

कन्यादानाशी मात्र अडलं. ओंजळीत ओंजळ धरायची ती एकाने आणि वरून झारीने पाण्याची धार धरायची ती दुसऱ्याने. ते काम आईचं. आई तर ओंजळ धरून बसलेली. सुप्रभाताईंनी याचा विचारच केला नव्हता. इतकी वर्षं जोडपं बसवायची सवय, म्हणून हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. हातात झारी धरून त्या थांबल्या. तेवढ्यात मीनल कडेवरचं पोर नवऱ्याकडे देऊन पुढे आली, आणि तिने झारी घेतली. तिला कुणी काही सांगितलं नाही. तिने आईच्या हातांवर धार धरली, आणि सुप्रभाताईंनी संकल्पात काकांच्या जागी अलकाचं नाव घेतलं. चरण एकही गळला नाही.

सगळं झाल्यावर यजमानाने गुरुजींना नारळ देऊन वाकून नमस्कार करायचा असतो. अलकाने नारळ दिला, विधवा असूनही विधवेची ओटी भरली. वाकली नाही.

"रश्मीचं छान झालं," ती म्हणाली. "मीनलचं राहिलं ते राहिलंच."

"हो," सुप्रभाताई म्हणाल्या.

त्या वर्षीच्या गणपतीला मंडळाने पुन्हा इल्फर्डलाच फोन केला. सुप्रभाताई पुढे बसल्या आणि आरती म्हटली. शाळांत त्या जातच राहिल्या. मुलगी हात वर करायची, बायकांना काय स्थान म्हणून विचारायची. सुप्रभाताई आता देव रमतात ते सांगत, ताब्यात राहावं तेही सांगत, आणि मग आपण लावलेल्या दोन लग्नांची हकिगत सांगत. त्यांतलं पहिलं आधी.