ओटीपी मीच सांगितला

"सामान मिळालं" असा मेसेज आला तेव्हा मी दारात उभी होते आणि गल्लीत कुणीच नव्हतं. त्या पार्सलात ह्यांचं ऐकायचं यंत्र होतं, ते गेलं. पोहोचवणारा फोनवर म्हणाला होता, "अम्मा, गली में गाड़ी नहीं आएगी. ओटीपी बता दो, पैदल ला रहा हूँ." आमच्या गल्लीत, दाना ओलीत, आम्ही आलेल्या माणसाला ताटकळत ठेवत नाही. मी सांगून टाकला. कंपनी म्हणाली, ओटीपी दिला म्हणजे सामान मिळालं.

ग्राहक न्यायालयाबाहेर एक टायपिस्ट बसतो, त्याच्याकडे तक्रार लिहून घ्यायला गेले. प्रत्येक ओळीआधी बोटं मोडतो, वर बघत नाही. ह्यांना बेल ऐकू येत नाही, म्हणून त्यांना घरात ठेवून बाहेरून कुलूप लावून आले होते. मी सारखी उठत होते.

"बसा हो आजी, स्टूल चावत नाही. ओटीपी कोणी दिला?"

"ते नका लिहू."

"तेच आधी लिहितो. लपवलं तर तुम्ही खोट्या ठराल. सामान हातात दिलं, हे कंपनीनं दाखवायचं."

मी सही केली. घाई इतकी की त्याचं नावही विचारलं नाही. निकाल लागायचाय, तोवर ह्यांच्याशी ओरडूनच बोलते. असलं काही झालं की लोक शेजारणीचं म्हणून सांगतात. हे माझ्याच बाबतीत झालं.