वाळ्याचा पडदा

नातवानं कूलरला वाळा लावला आणि त्या ओल्या वासासरशी मला सोलापुरातलं लहानपणीचं घर आठवलं. वैशाखातली दुपार होती. अक्काला बघायला मंद्रूपहून पाहुणे बैलगाडीनं येत होते आणि दारावरचा वाळ्याचा पडदा वाळून कडकडीत झाला होता.

"पाणी मारा, पाव्हणे भाजून निघतील!" वडील ओरडले.

नटून बसलेली अक्का वैतागून उठली आणि तिनं आतूनच घागरभर पाणी भिरकावलं. नेमका तेव्हाच मुलाच्या वडिलांनी पडदा बाजूला सारला. फेट्यापासून जोड्यापर्यंत ते निथळले. मला वाटलं, लग्न मोडलं. त्या उन्हातून आलेल्या माणसाचा जीव किती तापला असेल, ते मला आत्ता कळतं.

त्यांनी मिशा पिळल्या, डोळे मिटले अन् म्हणाले, "पोरगी पसंत हाय. अजून एक घागर असंल तर बघा की."