दोन देशांचा केर

आमच्या गल्लीत बातमी पसरली की कात्रीकाकांनी परदेशात एका म्हाताऱ्याचा कान कापला, म्हणून तिकडच्या लोकांनी त्यांना तीन महिन्यांत घरी धाडलं. या बातमीत माझाही हात होता, कबूल करतो. मी फक्त एवढंच बोललो होतो की काकांनी तिकडे एका गिऱ्हाइकाला रडवलं. कान इस्त्रीवाल्याने घातला आणि रक्त दूधवाल्याने. म्हातारा रडला हे खरं. त्याचे दोन्ही कान जागच्या जागी आहेत हेही तितकंच खरं.

काकांचं सलून माझ्या वह्या-पेन्सिलींच्या दुकानाला लागून. दोन खुर्च्या, दोन आरसे, एक लांब बाकडं. दुसऱ्या खुर्चीवर आता वर्तमानपत्रांची रद्दी बसते, कारण हाताखालचा कारागीर मोठ्या शहरात गेला. पंचविशी ते चाळिशीतली डोकी आमच्या गल्लीत सुट्टीपुरतीच दिसतात. बाकड्यावर उरतात ती शाळेतली पोरं, आणि माझ्यासारखे, ज्यांच्या डोक्यावर काका कात्री कमी आणि दया जास्त चालवतात.

काकी जाऊन तीन वर्षं झाली. एकुलती एक लेक नर्सिंग शिकून तिकडे गेली आणि तिथल्या एका वृद्धाश्रमाची मुख्य झाली. तिने बापाला बोलावून घेतलं. काका कात्री, कंगवा आणि मशीन घेऊनच निघाले. "तिकडे फिरायचं सोडून काय कापणार?" असं मी विचारलं, तर म्हणाले, हात रिकामे असले की मला झोप येत नाही.

पहिल्याच दिवशी सकाळी दहाला ते माणसं बघायला बाहेर पडले. रुंद, स्वच्छ रस्ता, दोन्ही बाजूंना नीटनेटकी घरं, आणि तासाभरात भेटला एक कुत्रा आणि त्याच्या दोरीला धरून चालणारी एक आजी. घरी आल्यावर बारा वर्षांच्या नातीने सांगितलं की या देशातली शंभरातली ऐंशी माणसं शहरातच राहतात. काकांनी विचारलं, "मग ती ठेवलीत कुठे?"

नातीला शाळेतून प्रकल्प मिळाला होता: एक विकसित देश, एक विकसनशील देश, माणसं कुठे आणि कशी राहतात त्याची तुलना करा. तिने आजोबांना समजावलं, देशातल्या सगळ्यांना वयाप्रमाणे रांगेत उभं केलं तर मधोमध उभ्या माणसाचं वय इथे पंचेचाळीस येतं आणि तुमच्याकडे सत्तावीस. काकांनी मान डोलावली, पण डोक्यात काही शिरलं नाही. ते शिरलं रविवारी, वृद्धाश्रमात केर काढताना.

लेकीने दोन-चार जणांचे केस कापायची परवानगी दिली होती. काम संपल्यावर काकांनी झाडू हातात घेतला आणि थबकले. जमिनीवर सगळं पांढरं. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी रोज काळा केर भरला होता. त्यांनी घरून आणलेली हत्यारांची पिशवी उलटी करून झटकली, तर शिवणीत आमच्या गल्लीचे काळे केस अडकलेले. सोबत आलेल्या नातीने दोन्ही झुपके प्रकल्पाच्या वहीत शेजारी शेजारी चिकटवले आणि खाली वयं लिहिली. आमच्या गल्लीतल्या पोरांचं परदेशात एवढं नाव आजवर कधी झालं नव्हतं.

रडण्याचा प्रकारही त्याच दिवशीचा. केस कापून झाले की डोकं चेपून द्यायचं, ही काकांची सवय. विचारायचं वगैरे नाही, हात आपोआप जातात. खुर्चीत एक्क्याण्णव वर्षांचे साहेब होते, आयुष्यभर पूल बांधलेले. काकांनी टाळूवर बोटं ठेवली आणि साहेब हुंदके देऊन रडायला लागले. सेविका धावत आली, तक्रार लिहिली गेली, लेकीला स्वतःच्या बापाला ऑफिसात बोलवावं लागलं. मग साहेबांनीच निरोप पाठवला: बायको गेल्यापासून डोक्याला हात लावला तो फक्त डॉक्टरने. पुढच्या रविवारी सतरा जण रांगेत. तक्रार लिहिणारी सेविकाही शेवटी उभी. तीही आपल्यासारख्याच कुठल्या तरी देशातून आलेली. तिने हळूच विचारलं, घरी माझे वडील एकटे असतात, त्यांना असं चेपून घ्यायला सांगू का?

ते ऐकून लेकीने त्या रात्री विषय काढला. लोकांचे बाप मी सांभाळते, माझा बाप मात्र तिकडे एकटा. बाबा, सलून विका आणि कायमचे या. काका परत आले ते सलून विकण्यासाठी. कानासाठी नव्हे.

हे कळल्यावर गल्लीला जा म्हणवेना, थांबा म्हणायचा हक्क नाही. मग लोकांनी गरज नसताना केस कापून घ्यायला सुरुवात केली. इस्त्रीवाला आठवड्यात दोनदा बसला. सलून विकत घेऊ पाहणारा मोबाइलवाला फीत घेऊन जागा मोजायला आला, तेव्हा बाकड्यावरच्या एकाही पोराने पाय उचलले नाहीत.

काल मी खुर्चीत असताना लेकीचा व्हिडिओ कॉल आला. काकांनी फोन आरशाला टेकवला. व्यवहार कुठवर आला, तिने विचारलं. काकांनी माझ्या कानामागचे केस कापायला घेतले. ती चिडून म्हणाली, "बाबा, तिथे तुमचं आहे तरी कोण?"

काकांनी फोन उचलून बाकड्याकडे फिरवला. नऊ पोरं, नऊ काळी झिपरी डोकी. मग लेक अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आणि माझे केस कोण कापणार?" तिने जन्मात दुसऱ्या कुणाची कात्री डोक्याला लावू दिलेली नाही; सुट्टीत इकडे आली की बापाकडूनच कापून घेते.

"वाढू दे," काका म्हणाले. "दर वर्षी तीन महिने येतो. त्या सतरा जणांनाही सांगून ठेव."

ती हसली की रडली, ते मला दिसलं नाही. काकांनी फोन छातीशी धरला होता. मी नेहमीसारखा आगाऊपणा केला. काका, गिऱ्हाइकं तिकडेच जास्त, तिकडेच राहायचं होतं की.

काकांनी माझी मान खाली दाबली आणि म्हणाले, "तिकडचे केस सावकाश वाढतात, वर्षातून एकदा गेलं तरी भागतं. इकडची पोरं पंधरा दिवसांत वाढतात. तू नाही आलास तरी चालेल, पण येत जा."