स्लॅबखालचे अण्णा

अण्णा कुणाच्याही घरी गेले की यजमानांना नमस्कार करायच्या आधी वर बघत. माझं लग्न ठरवायला गेले तेव्हाही तेच. सासरे हात जोडून उभे, आणि आमचे वडील छताच्या कोपऱ्यात नजर लावून. सासऱ्यांना वाटलं पाल आहे, त्यांनी झाडू मागवला. अण्णा म्हणाले, "पाल असू द्या हो. ओल आहे, ती आधी बघून घ्या." एवढं होऊनही लग्न जमलं, हे माझं नशीब.

ते सरकारी बांधकाम खात्यात इंजिनिअर होते. स्लॅब भरल्यावर तो पक्का होईपर्यंत खाली फळ्या आणि बांबूंचे टेकू लावतात, ते सेंटरिंग. ते काढायच्या दिवशी अण्णा स्वतः स्लॅबखाली जाऊन उभे राहत, हाताची घडी घालून. कंत्राटदार घाबरायचे आणि आई त्या दिवशी अण्णा घरी येईपर्यंत जेवायची नाही. अण्णांचं म्हणणं एकच. "ज्याने सही केली त्याने आधी खाली उभं राहायचं. मग लोकांना राहायला बोलवायचं."

ही रीत त्यांना कुणी शिकवली नव्हती. नोकरीच्या सुरुवातीला कोकणातल्या एका कामावर टेकू काढत असताना ते चहाला गेले, आणि मागे स्लॅब कोसळला. खाली नामदेव नावाचा गवंडी होता, तो जागीच गेला. चौकशीतून अण्णा सुटले, घरात मात्र कधीच सुटले नाहीत. दुपारी डोळा लागला की दचकून उठायचे, "नामदेव, बाजूला हो!" असं ओरडत. आम्हा भावंडांसाठी नामदेव हा आमच्याच घरात राहणारा आणि न दिसणारा माणूस होता. काही ठरवायचं झालं की अण्णा म्हणत, "थांब, नामदेवला काय वाटेल ते बघू." मला त्या माणसाची भीती वाटायची, आणि खरं सांगायचं तर रागही यायचा.

निवृत्तीनंतर, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, मुंबईतलं क्वार्टर सोडून अण्णा-आई भाईंदरला नवघरमध्ये राहायला आले. शेतात आणि मिठागरांत भराव घालून इमारती उठत होत्या. प्यायचं पाणीच टँकरने यायचं, तिथे बांधकामाला गोडं पाणी कोण देणार? माझा धाकटा भाऊ सुहास डिप्लोमा करून याच धंद्यात शिरला. भाईंदरमध्येच गोडदेवला, एका भागीदाराबरोबर, त्याची पहिली इमारत. अण्णांनी अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले. मग एक दिवस साइटवर गेले, रेती चिमटीत घेऊन जिभेला लावली आणि थुंकले.

"खाडीची आहे. धुतलीस?"

"अण्णा, इथे सगळे हीच वापरतायत. धुवायला पाणी कुठाय?"

"मीठ आतून लोखंड खातं, सुहास. आज कळणार नाही. तुझी पोरं मोठी होतील तेव्हा कळेल."

पहिल्या स्लॅबचं सेंटरिंग काढायचा दिवस आला. पुरते दिवसही झाले नव्हते, पण भागीदाराला घाई होती. मी माहेरी आले होते, म्हणून अण्णांबरोबर गेले. ते सरळ स्लॅबखाली जाऊन उभे राहिले.

मुकादम जवळ आला. "बाबा, बाजूला व्हा की. धोका हाय."

"मग तुझी माणसं कशी उभी आहेत?" अण्णा म्हणाले. नंतर त्यांनी सुहासकडे बघितलं. "तू फक्त 'काढा' म्हण. तू म्हणालास की मला पुरे."

सगळे सुहासकडे बघायला लागले. तो पांढराफटक पडला होता. मी मनात म्हणत होते, म्हण रे, आणि म्हणू नकोस.

"थांबा," सुहास म्हणाला. "आज राहू द्या."

मला हायसं वाटलं. अण्णा मात्र तिथल्या तिथे म्हातारे झाले. सुहासच्या तोंडून त्यांना 'काढा' ऐकायचं होतं. बाहेर येऊन ते एवढंच बोलले, "म्हणजे तुला माहीत होतं."

स्लॅब तोडायला त्यांनी सांगितलं. सुहास हो हो म्हणाला. त्याच वर्षी आई गेली आणि डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी अण्णा माझ्याकडे ठाण्याला येऊन राहिले. परत गेले तोवर सेंटरिंग निघालं होतं, वर मजले चढले होते, फ्लॅटही विकले जात होते. अण्णा ओरडले नाहीत. "तळमजल्यावरचा एक फ्लॅट मला दे," म्हणाले. सुहासने गयावया केली, मीही रडले. "तू उभा राहत नाहीस ना, मग मी राहतो," हेच त्यांचं उत्तर.

शेवटची वर्षं ते तिथे एकटे राहिले. खाटेवर पडून छताकडे बघत असायचे. आणि झालं भलतंच. बिल्डरचे वडीलच इथे राहतात म्हटल्यावर काम पक्कं असणार, असं म्हणून उरलेले फ्लॅट भराभर गेले. हे कळल्यावर अण्णा जिने चढून दार न दार ठोठावत फिरले. लोक त्यांना बसवून पाणी देत, "अंकल, आप भी ना!" म्हणत आणि हाताला धरून खाली आणून सोडत. मी भेटायला गेले की म्हणायचे, "नामदेव आता काही बोलत नाही गं." हे ऐकून मला पूर्वीपेक्षाही जास्त भीती वाटायची.

ते गेले ते दुपारच्या झोपेत, हृदय थांबून. स्लॅबला काही झालं नव्हतं. सुहास धावत आला. नातेवाईक यायचे होते, म्हणून शेजारच्यांनी हॉलमध्ये चटई अंथरली होती. सुहासने दारातूनच वर छताकडे बघितलं आणि ओरडला, "आधी अण्णांना बाहेर घ्या."

"अरे, बाहेर ऊन आहे."

"असू दे. इथे नको, ताई. बाहेर घ्या म्हणतोय ना!"

आम्ही अण्णांना उचललं आणि कंपाउंडमध्ये, उन्हात आणून ठेवलं. वरच्या सगळ्या मजल्यांवरची माणसं, बायका, पोरंबाळं गॅलऱ्यांमध्ये येऊन आमच्याकडे बघत उभी होती.