आधी कुंदाताईंना

कुंदाताई गेल्याची बातमीसुद्धा माझ्याआधी माझ्या मुलीलाच कळली. रविवारची सकाळ होती. मी ओट्याशी भाजी चिरत होते आणि ओवी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हातात फोन. रडत नव्हती. ‘‘ताई गेल्या,’’ एवढंच म्हणाली. तिला जवळ घ्यायला मी पुढे झाले तर तिने अंग चोरलं, चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरून थेट त्यांच्या घराकडे चालू लागली. मी हात पुसत पुसत तिच्या मागे गेले. रस्ताभर मला वाईट वाटत होतं, अगदी मनापासून वाटत होतं. पण त्या वाईट वाटण्याखाली एक जुनी, ओळखीची टोचणीही होती. हेही तिला आधी कळलं. हेही त्या दोघींचंच.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे कमी झालेत, तलावावर नवे प्रशिक्षक आलेत. कुंदाताईंबद्दल कुणीतरी लिहावं असं बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं आणि मी शाळेत मराठी शिकवते म्हणून ते माझ्याकडे आलं. खरं तर हे ओवीने लिहायला हवं. पण ती लिहीत नाही, बोलतही नाही, म्हणून मी लिहिते आहे... आणि त्यांचा हेवा करणाऱ्या बाईनेच त्यांच्यावर लिहावं, हे त्यांना कळलं असतं तर त्या त्यांच्या घोगऱ्या आवाजात मनसोक्त हसल्या असत्या.

आमच्या भागातल्या पोहण्याच्या तलावावर कुंदाताई मुलांना शिकवायच्या. ठेंगणा, दणकट बांधा, कानांपर्यंत कापलेले केस, खांद्यावर कायम ओला टॉवेल. शिट्टी वापरायच्या नाहीत. प्रत्येक पोराला नावाने हाक मारायच्या. माहेर चांदवडकडचं, कांद्याच्या मळ्यातलं. नाशकात इतकी वर्षं काढूनही रागावल्या की बोलण्यात ‘लय’ आणि ‘नाय’ यायचंच. ओवी पहिलीत असताना तिला मी त्यांच्या हवाली केलं. तेव्हा तिचं नाव वेगळं होतं. ते इथे लिहीत नाही, कारण तिला आवडत नाही. तेव्हा आम्ही सगळेच तिला मुलगा समजत होतो. घरात ओढूनताणून दोन शब्द बोलणारं ते मूल तलावावरून परत येताना स्कूटीवर मागे बसून अखंड बडबडायचं, आणि त्या बडबडीत प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘‘ताई म्हणाल्या’’ अशी. ताई म्हणाल्या दूध पी. ताई म्हणाल्या नखं काप. दूध पी, नखं काप हे मी रोज सांगून थकले होते. ताईंनी एकदा सांगितलं आणि झालं. मी हसण्यावारी न्यायचे, पण आत कुठेतरी खट्टू व्हायचे.

सातवीत असताना तिचं पोहणं बिनसलं. आधी पाण्यातसुद्धा टी-शर्ट घालायला लागली, मग पोटात दुखतं, डोकं दुखतं असं सांगून घरीच राहू लागली. मला वाटलं वय आहे, अभ्यासाचा ताण आहे. मग एक दिवस आपणहून पिशवी भरून तयार झाली आणि पुन्हा रोज जाऊ लागली. मी समाधानाने सुस्कारा सोडला. काय बदललं ते विचारलंही नाही. पुढे एका संध्याकाळी मी तिला आणायला थोडी लवकर गेले. पालकांच्या बाकावर बसले होते, इतक्यात कुंदाताईंचा आवाज आला, ‘‘ओवी, श्वास डावीकडून घे गं.’’ कोण ही नवी मुलगी म्हणून मी पाण्याकडे बघितलं. आणि हाकेसरशी जे डोकं वळलं, ते माझ्या लेकराचं होतं.

त्या क्षणी मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. लोक समजतात की धक्का बसला असेल, भीती वाटली असेल. तेही होतंच, पण नंतर. पहिल्यांदा जे उसळलं तो निव्वळ मत्सर होता. बारशाला नणंदेने पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात जे नाव सांगितलं होतं, ते मी पोटुशी असतानाच ठरवून ठेवलं होतं. आणि इथे एक परकी बाई माझ्या मुलाला भलत्याच नावाने हाक मारत होती, आणि ते मूल इतक्या सहज, इतक्या मोकळेपणाने ‘ओ’ देत होतं, की माझ्या हाकेला तसा ‘ओ’ कधी आलाच नव्हता.

घरी आल्यावर ओवीने आम्हाला सगळं सांगितलं. आपण मुलगी आहोत हे तिला खूप आधीपासून कळत होतं. ताईंना तिने कित्येक महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. तिचे बाबा ओझरच्या कारखान्यात कामाला आहेत, मुळात अबोल माणूस. ते एवढंच म्हणाले, ‘‘आपण डॉक्टरांना भेटू. काय करायचं, काय नाही, ते नीट विचारून घेऊ.’’ आम्ही भेटलो, समुपदेशन घेतलं, रडलो, हळूहळू शिकलो. ती गोष्ट वेगळी आणि मोठी आहे. मला मात्र एकाच प्रश्नाने पोखरलं होतं, आणि तो विचारायला मी भर दुपारी, तलाव रिकामा असताना, कुंदाताईंना गाठलं.

‘‘तिने मला का नाही सांगितलं? तुम्हाला का?’’

त्या पाण्यात रांगा आखायच्या तरंगत्या दोऱ्या गुंडाळत होत्या. थांबल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘तुमचं काही मोडेल याची तिला भीती होती. माझं काय मोडणार होतं?’’

मग त्यांनी वर बघितलं. ‘‘नाव कुठून घेतलं ते विचारलंत का तिला? तुम्ही घरी धड्यांची तयारी करताना ओव्या म्हणता ना मोठ्याने... दाराआड बसून ऐकायची म्हणाली. आई तो शब्द फार प्रेमाने उच्चारते, म्हणून तोच घेतला.’’

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. माझ्या मुलीने स्वतःचं नाव माझ्याच तोंडून घेतलं होतं. आणि हेही मला कुंदाताईंकडून कळावं... इतका आनंद आणि इतका जळफळाट मला एकाच वेळी पुन्हा कधी झालेला नाही.

उन्हाळी शिबिरात ओवीने मुलींच्या बॅचला नाव दिलं आणि वादाला तोंड फुटलं. शिबिर म्हणजे काही मोठी स्पर्धा नव्हे. सुट्टीतली मुलं पाण्यात डुंबतात, हात मारायला शिकतात आणि शेवटच्या दिवशी हौसेच्या शर्यती होतात. पण काही पालकांनी तलावाच्या समितीकडे तक्रार केली. समितीने आधी सांगितलं की ओवीने मुलांच्या बॅचमध्ये यावं, नाहीतर येऊ नये. कुंदाताईंनी पालकांसह बैठक बोलवायला लावली. तक्रार करणाऱ्यांमध्ये एका मुलीचे वडील होते. सज्जन माणूस, आवाज न चढवता बोलले. त्यांचं म्हणणं असं की आमच्या मुलींनी कपडे कुठे बदलायचे, आणि उद्या शर्यतीत ही पहिली आली तर आमच्या मुलींनी काय समजायचं. प्रश्न दुष्टपणाचे नव्हते. मी आठवडाभर उत्तरं घोकून गेले होते. ती बाहेर काढणार, तोवर कुंदाताई उभ्या राहिल्या.

त्या भाषण करत नव्हत्या, घरातल्यासारखं सांगत होत्या. मळ्यातल्या विहिरीत वडिलांनी पाठीला डबा बांधून त्यांना पोहायला शिकवलं. भावांच्या चड्ड्या घालून त्या भावांच्या पुढे पोहायच्या. मग अंगाने वाढल्या, आणि चुलत्यांनी ठरवलं की आता पोरीने विहिरीत उतरायचं नाही. भाऊ पोहायचे आणि ह्या काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायच्या. लग्नानंतर नाशकात आल्या तेव्हा कुठे पुन्हा पाणी अंगाला लागलं.

‘‘तेव्हा पण सगळ्यांचं म्हणणं बरोबरच होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कुणी वाईट नव्हतं. पण काठावर मी बसले होते. एका पोराला काठावर बसवलं, की बाकीच्यांना पाण्यात सोडायला माझा हात नाय धजत.’’

मग त्यांनी तोडगा मांडला. शिबिरात मुलं-मुली अशा बॅच करायच्याच नाहीत. ज्याला जेवढं येतं त्याप्रमाणे करायच्या. शर्यतीही तशाच, बरोबरीच्यांमध्ये. कपडे बदलायला प्रत्येकाला कडी लागणारी वेगळी खोली, सगळ्यांसाठीच. मुलीच्या वडिलांनी खोल्यांबद्दल खोदून खोदून विचारलं आणि शेवटी मान डोलावली. दोन घरांनी तरीही मुलं काढून घेतली. समितीने नियम बदलला, तो अजून तसाच आहे.

बैठक संपल्यावर ओवी धावत आली. मी हात पसरले होते. ती माझ्या बाजूने जाऊन कुंदाताईंना बिलगली. माझे हात मी पदर सारखा करण्याच्या कामी लावले.

त्यांनी तिला खोटी आशा मात्र दाखवली नाही. तिथल्या तिथे, तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, ‘‘ओवी, इथे मी भांडले. जिल्ह्याच्या स्पर्धेचे नियम माझ्या हातात नाहीत. तिथे मुलींमध्ये तुला घेतीलच असं नाही. चालेल?’’ ओवी म्हणाली, ‘‘मला पोहायचंय फक्त.’’ मी हे सांगितलं असतं तर तिने दार आपटलं असतं, हे मला माहीत होतं.

गेल्या वर्षी कुंदाताईंचं दुखणं निघालं. पाण्यात उतरणं बंद झालं. मग खुर्चीवर बसून शिकवू लागल्या. मग तेही थांबलं. त्यांना मूलबाळ नव्हतं, यजमान आधीच गेलेले, आणि चांदवडहून भावजय येऊन राहिली होती. ओवी शाळा सुटली की तिकडे जायची. एकदा मी डबा घेऊन गेले तर ही त्यांच्या पायाला तेल चोळत बसलेली. मला बघून कुंदाताई थकलेल्या आवाजात म्हणाल्या, ‘‘ओवीची आई, तुमची पोर मी फार वापरते हो. राग मानू नका.’’ मी म्हटलं, राग कसला ताई. आणि परत येताना रिक्षात बसून रडले. त्यांच्यासाठी रडले, आणि माझ्या पायांना तिने कधी तेल लावलं नाही म्हणूनही रडले.

त्या गेल्यावर ओवी तलावाकडे फिरकली नाही. पिशवी दाराआड लटकलेली. मी समजावलं नाही, कारण माझ्या समजावण्याची किंमत मला ठाऊक आहे. गेल्या रविवारी मीच बायकांच्या बॅचला नाव घालून आले, आणि तिला म्हटलं, मला पाण्याची भीती वाटते, सोबत येशील का. ती आली. बराच वेळ काठावर बसून माझी धडपड बघत राहिली. मग काय वाटलं कोण जाणे, आत उतरली.

तिने मला पाठीवर आडवं केलं. एक तळवा मानेखाली, एक कमरेखाली. माझं सगळं अंग लाकडासारखं ताठ. आणि माझ्या कानाशी ती बोलू लागली. आवाज तिचाच, पण शब्दांची ढब, मधली विश्रांती, सगळं कुंदाताईंचं. भित्र्या, वयस्कर बायकांना त्या जसं सांगायच्या अगदी तसं. ‘‘मान सोडा बाई. वर बघा. मी धरलंय.’’ माझी मुलगी मला अहोजाहो करत होती, आणि ते तिच्या ध्यानातही नव्हतं.

मला हेवा वाटला. पाण्यात, उताणं पडून, डोळ्यांत आभाळ असताना वाटला. मेलेल्या बाईचा वाटला. मग मी मान सोडली.