आमच्या रक्तातली कमी

माझे वडील, आबा, तालमीत पैलवानांचं अंग रगडायचे. आई दोन म्हशींचं दूध घालायची. चटणी-भाकरीवर दिवस निघाले, पण माझं कॉलेज चुकलं नाही. आमच्यातला पहिला पदवीधर मी. हे मी मिरवतोच.

नोकरीला लागलो आणि डावी पोटरी सुजली. आबांनी तेल लावून दाबून चोळली. दुसऱ्या दिवशी छातीत कळ आली, श्वास पुरेना.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, "डीप व्हेन थ्रॉम्बोसिस. पायाच्या खोल शिरेत गुठळी झाली होती, तिचा तुकडा फुप्फुसात गेलाय. पाय कुणी चोळला?"

आबांनी हात पाठीमागे घेतले. सगळी तालीम ज्या हातांना मानते, ते हात. माझी मान खाली गेली.

गुठळी का झाली, हे कळायला काही महिने आणि पुन्हा तपासण्या लागल्या. डॉक्टरांनी समजावलं, "जखम झाली की रक्त गोठतं. पण हे गोठणं आवरणारी द्रव्यंही शरीर स्वतःच बनवतं. त्यातलं एक अँटिथ्रॉम्बिन. ते यकृतात तयार होतं. तुमच्यात ते निम्मंच आहे. जन्मापासूनच. आईकडून नाहीतर वडिलांकडून आलेलं."

आबांची तपासणी केली. त्यांच्यातही कमी.

"जन्मभर दूध-तूप खाऊन रक्त कमावलं, आनि त्यातच खोट?" आबा म्हणाले. मग हळूच, "भायेर बोलायचं न्हाय."

पण माझी धाकटी बहीण सुनीता कुरुंदवाडला सासरी होती, पाचवा महिना चालू. गरोदरपणात रक्त तसंही लवकर गोठतं. तिच्यातही ही कमी असेल तर जिवाला धोका, असं डॉक्टरांनी बजावलं. तरी आठवडा गेला. लाज आबांना होती, तेवढीच मलाही. खोट असलेली पोरगी गळ्यात मारली, असं सासरचे म्हणतील ना!

शेवटी आबा आणि मी कुरुंदवाडला गेलो. चहा निवला, तरी तोंड उघडेना.

सुनीताच्या सासूबाई म्हणाल्या, "काय वो पावणं, मयताला आल्यागत बसलायसा?"

मी सगळं सांगितलं.

"एवढंच व्हय? आमच्यात साखर हाय, दमा हाय. लग्नात आमी तरी कुठं सांगितलं?" मग त्यांचा आवाज चढला. "पर आठ दिस पोरीला तसंच ठेवलंसा? लाज वाटाय पायजे ती त्याची!"

तिथं मात्र खरंच तोंड दाखवायला जागा उरली नाही.

सुनीतामध्येही तीच कमी निघाली. रोज पोटावर हेपरिनचं, म्हणजे गुठळी होऊ न देणारं इंजेक्शन सुरू झालं. सासूबाईंनी टोचायला शिकून घेतलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

एकच पाय सुजला, दुखला, तर चोळू नका. थेट डॉक्टरकडे जा. आणि असा दोष निघाला, तर घरच्यांना आणि लेकीच्या सासरी त्याच दिवशी सांगा.

मला गुठळी होऊ न देणारी गोळी चालू आहे. सुनीताला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.