तरसाच्या फोटोमागचा माणूस

माझे मिस्टर काल सकाळी गेले.

दिलीप. पोलादपुरातल्या तुमच्यापैकी निम्म्यांच्या लग्नाचे फोटो यांनी काढलेत. तुमच्या हळदीत "मान वर, मान वर" म्हणून ओरडणारे ते हेच.

पण लग्नं हा धंदा होता. जीव होता तो जनावरांत.

मूळचे इथल्याच कापडे गावचे. भाताच्या बांधावर पोटावर झोपून बगळ्यांचे फोटो काढायचे आणि चिखलाचे कपडे माझ्यापुढे टाकायचे.
दासगावला सावित्री नदीच्या काठावर मगर वर येईल म्हणून अख्खा रविवार बसायचे. मगर नाही आली तरी खूश.

मग पार्किन्सन्स झाला.
आधी उजव्या हाताचा अंगठा थरथरायला लागला. मग सगळा हात.
फोटोग्राफरचा उजवा हात हो.

स्टुडिओ पुतण्याकडे दिला. कॅमेरा कपाटात गेला. घरात कोणी त्याचं नाव काढायचं नाही.

महाडचे इम्तियाजभाई म्हणजे यांचे जुने दोस्त. बरीच वर्षं गल्फमध्ये होते, आता छोटे ग्रुप घेऊन आफ्रिकेत फोटोग्राफी सफारी करतात.
एक दिवस आले आणि चहा यायच्या आत म्हणाले, "दिलीप, केनियाला चल. पुढं तुला जीपमध्ये चढता येणार नाही."

असं तोंडावर बोलणारा यांना तो एकच माणूस.

"हात बघितलास ना माझा?"
"बघितला. म्हणून तर आत्ता चल म्हणतोय."

सोबतीला मी. मला मोबाइलवर नातवाचा फोटो काढता येतो, तोही कधीकधी डोकं कापून.

मसाई मारात आमचा सहा जणांचा ग्रुप, एकच जीप. चालवायला जोसेफ, तिथलाच माणूस.

पहिल्याच सकाळी सिंहीण दिसली. इतकी जवळ की मी यांचा शर्ट घट्ट धरून ठेवला.
यांनी जीपच्या खिडकीवर ठेवलेल्या बीनबॅगच्या उशीवर लेन्स टेकवली. सगळं सेट केलं.
पण बोट वेळेवर दाबलं जाईना. ती बघत होती तेव्हा काही नाही, आणि उठून गेल्यावर क्लिक.

दिवसभर तेच. संध्याकाळी एकेक फोटो बघत होते आणि डिलीट करत होते.

दुसऱ्या सकाळी सगळे जीपमध्ये बसले. हे आलेच नाहीत.
पुण्याचा एक इंजिनिअर घड्याळ बघून म्हणाला, "सकाळचा लाइट जातोय."
इम्तियाजभाई त्याला शांतपणे म्हणाले, "दिलीप आल्याशिवाय जीप हलणार नाही."

मी तंबूत गेले. हे कॉटवर बसलेले, एक बूट पायात, एक हातात.
"तुम्ही सगळे जा गो. मी लोकांचा टाइम खातोय."
"मग मीपण नाही जात."
"तू कशाला राहतेस?"
"मला काय त्या जिराफांशी बोलायचंय एकटीनं?"

हसले. खूप दिवसांनी हसले.
मग बूट माझ्याकडे दिला, मी यांच्या पायात घातला. माझ्याकडे बघत म्हणाले, "बटण तू दाबशील?"
"मला त्यातलं काय कळतं!"
"कळायचं काय त्यात? मी सांगतो ना."

त्या दिवशी वाटेत तरसाचं बीळ लागलं. ग्रुपला बिबट्या हवा होता. "हायना काय बघायचा," असं कोणीतरी म्हणालंच.
हे म्हणाले, "माझ्या लहानपणी डोंगरातून तरसाचा आवाज यायचा. आम्ही गोधडीत शिरायचो. आयुष्यात कधी दिसला नाय मला."
इम्तियाजभाईंनी जोसेफला खूण केली. जोसेफने इंजिन बंद केलं.

बराच वेळ नुसती माती.
मग मादी आली. कुबडी, ठिपक्यांची, तोंडाला रक्त लागलेलं. बिळातून एक काळंभोर पिल्लू बाहेर आलं, आणि तिनं ते अलगद तोंडात उचललं.

कॅमेरा माझ्या हातात. हे माझ्या कानाशी.
"थांब. श्वास सोड. तिचा डोळा धर. डोळाच फक्त."
आपला थरथरता हात यांनी मुद्दाम स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवला होता, मला धक्का लागू नये म्हणून.
"थांब गो... थांब... आता!"

मी दाबलं.

स्क्रीनवर यांनी फोटो मोठा करून बघितला. खूप वेळ बघितला. मला वाटलं, बिघडवला मी.
मान वर केली तर डोळ्यांतून पाणी.
"शार्प हाय," एवढंच म्हणाले.

सोबत टाकलाय तो हाच फोटो. खाली शुभाचं नाव टाका, असं तेव्हा हे सगळ्यांना सांगत होते. दोघांचं समजा.

आल्यावर आम्ही दासगावला जायला लागलो. हे खुर्चीत, कॅमेरा माझ्याकडे, आणि ओरडा दिवसभर. लग्नाच्या इतक्या वर्षांत आम्ही एवढे भांडलो नव्हतो आणि एवढे बोललोही नव्हतो.

मग खुर्चीतही बसवेना. पडले. मग घास गिळवेना. शेवटी न्यूमोनिया.

इम्तियाजभाई हॉस्पिटलमध्ये रोज यायचे. काल खांदाही दिला. त्यांनी जोसेफला कळवलं, त्याचा व्हॉइस मेसेज आला, "पोले साना, मामा." तिकडे दुःखात असं म्हणतात म्हणे, आणि मामा म्हणजे आई. मी तो पुन्हा पुन्हा ऐकतेय.

शेवटच्या दिवसांत यांचा आवाज जवळजवळ गेला होता. मी एकदा विचारलं, "अहो, अजून कुठं जायचंय का तुम्हाला?"
मला वाटलं, पुन्हा आफ्रिका म्हणतील.
ओठ हलत राहिले. मी कान अगदी जवळ नेला.

"घरी."

डॉक्टर म्हणाले, दोन दिवस थांबा, जरा सुधारू दे.
आम्ही थांबलो.

काल दुपारी घरी आणलं हो तुम्हाला.
सगळी आळी दारात उभी होती.

अहो, नमस्कार करते. या आता.

— तुमची शुभा